आठवडा कोणाच्या हाती?

‘आयटीत हे असंच असतं’ हे वाक्य आता आमच्या वसईच्या गावागावांतून इतके रुळले आहे, की ते कानी पडताच ऐकणारा मान डोलावतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. साखरपुड्याच्या पंगतीतून मुलगा कानाला फोन लावून अंगणात जातो व पाहुणे पांगल्यावर परततो. आई सांगते, आयटीत हे असंच असतं. आजोबांना मूठमाती देऊन आलेला नातू अंगावरचे कपडेही न बदलता लॅपटॉप उघडून बसतो. शेजारी एकमेकांस सांगतात, असंच असतं. हाच नातू बुधवारी भर दुपारी ओटीवर निवांत बसलेला दिसला, की त्याच शेजाऱ्यांच्या भुवया वर जातात. नोकरी गेली की काय याची? त्यावरही उत्तर तेच.

आमचे भांडण या वाक्याशी आहे. ‘असंच असतं’ हे शब्द पावसाविषयी उच्चारावेत, भरती-ओहोटीविषयी उच्चारावेत, म्हातारपणाविषयी उच्चारावेत. ज्या गोष्टी कोणी ठरविलेल्या नसतात त्यांना ते शोभतात. संगणकावर काम करणाऱ्या तरुण-तरुणींच्या आठवड्याला ते लावणे म्हणजे कोणीतरी, कोठेतरी, वातानुकूलित दालनात बसून केलेल्या ठरावाला निसर्गाचा मुखवटा चढविणे होय. आणि मुखवटा चढला, की त्यामागचा चेहरा पाहण्याचे कष्ट कोणी घेत नाही.

अनिश्चितता आम्हांस परकी नाही, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या वाडवडिलांनी केळी लावल्या, पानवेली चढविल्या, भाजीच्या पाट्या पहाटेच्या गाडीने मुंबईला नेल्या. एका रात्रीच्या वादळाने बाग आडवी झालेली त्यांनी पाहिली. पाचूबंदरच्या मच्छीमाराला तर उद्या जाळ्यात काय येईल हे कधीच ठाऊक नसते. तथापि त्या अनिश्चिततेलाही माणसाने कुंपण घातले आहे. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीस बंदी असते. दर्या खवळलेला असतो, मासळीच्या विणीचा काळ असतो, म्हणून होड्या वर ओढल्या जातात, जाळी तुणली जातात आणि माणूस घरी झोपतो. एरवीही, आभाळ भरून आले असता होडी घालायची की नाही, हे तांडेल ठरवितो. आणि तांडेल स्वतः होडीत असतो. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता संगणक-कामगाराचा आठवडा पाहू. (‘कामगार’ हा शब्द त्यांना आवडत नाही, हे आम्हांस ठाऊक आहे, त्याकडे पुढे येऊ.) अमेरिकेतील एखाद्या बँकेची किंवा विमा-व्यवहाराची प्रणाली अंधेरीतून, ऐरोलीतून अथवा पुण्याच्या हिंजवडीतून सांभाळणारा एखादा अभियंता घ्या. त्याचा सोमवार सकाळी बहुधा शांत असतो. का? कारण आपल्याकडे सोमवारचे साडेनऊ वाजलेले असतात तेव्हा न्यूयॉर्कला रविवारची मध्यरात्र असते. ग्राहक झोपलेला असतो. ही शांतता कंपनीने दिलेली नाही, पृथ्वीच्या गोलाईने दिलेली आहे. मात्र कार्यालयात हजेरी लावायची, ती वेळेवर. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात झालेले असतात. खरी वर्दळ त्यानंतर सुरू होते. म्हणजे एका दिवसाच्या पगारात दोन दिवस: एक आपल्या सूर्याचा, दुसरा त्यांच्या.

तेथील घड्याळे मार्चमधल्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे व नोव्हेंबरमधल्या पहिल्या रविवारी एक तास मागे सरकविली जातात. आपल्या देशात घड्याळ कधी हलत नाही. पण तिकडे काटा सरकला, की इकडे एका घरातील जेवणाची वेळ सरकते, बाळाला झोपविण्याची वेळ सरकते, विरारची कोणती लोकल पकडायची ते बदलते. त्या काट्याविषयी या घराला कोणी विचारलेले नसते.

शुक्रवारचे गणित याहून कठीण आहे. ग्राहकाचा धंदा बंद असताना प्रणालीत बदल चढवावेत, हे तर्काला धरून आहे. त्यांचा शुक्रवार संध्याकाळी पाच वाजता संपतो, तेव्हा आपल्याकडे शनिवारची पहाट, अडीच किंवा साडेतीन. बदल चढविण्याचे काम तेव्हा सुरू होते. चढविलेले बिघडले, तर ते उतरविण्यात शनिवार जातो. आणि सोमवारी त्यांचे दार उघडण्यापूर्वी सारे सुरळीत आहे ना, हे पाहण्यात रविवार जातो. त्यांचा विश्रांतीचा काळ अबाधित राहावा म्हणून आपला खर्ची पडतो. रविवारच्या मिस्सेला कोण येतो, कोण येत नाही, याचा हिशेब आम्ही येथे मांडणार नाही. तो वेगळा विषय आहे. नास्तिकालाही आठवड्यातून एक दिवस असा लागतो, की ज्या दिवशी त्याचे नाव कोणी पुकारणार नाही.

यंत्र बिघडते, त्याला कोण काय करणार, असे कोणी म्हणेल. म्हणून बिघाडाचाच हिशेब घेऊ. सेवा पुरविण्याचा जो करार असतो, त्याला या धंद्यात एसएलए म्हणतात. प्रणाली वर्षभरात किती टक्के वेळ चालू राहील, याचे वचन त्यात असते. ९९.९ टक्के असे वचन दिले, तर वर्षाच्या ८,७६० तासांपैकी पावणेनऊ तासांपर्यंत प्रणाली बंद पडलेली चालते. त्यात आणखी एक नऊ घालून ९९.९९ टक्के केले, की ही मुभा साडेबावन्न मिनिटांवर येते. वर्षाची! कागदावर एक आकडा वाढला. तो वाढविणाऱ्या विक्रीच्या माणसाला तितक्याने कंत्राट मिळाले, त्याचे कौतुक झाले. पण पावणेनऊ तासांत जे काम झोपेतून उठून, तोंड धुऊन, विचार करून करता आले असते, ते आता धडपडत, दर पाच मिनिटांनी ‘काय झाले?’ विचारणाऱ्या वीस माणसांच्या देखत करावे लागते. त्या एका नऊमध्ये किती माणसांची झोप विकली गेली, याची नोंद कोणत्याच जमाखर्चात नसते. यंत्राला दुहेरी जोड द्यायची, रात्रपाळीला वेगळी माणसे नेमायची, तर पैसे पडतात. त्यापेक्षा दिवसपाळीच्याच माणसाच्या उशाशी फोन ठेवणे स्वस्त. याला ‘ऑन-कॉल’ असे गोंडस नाव आहे. मग ज्या रात्री फोन वाजत नाही, त्या रात्रीही झोप लागत नाही. आणि जे वाजलेच नाही, त्याचा मोबदला कशाचा, असे वर विचारले जाते.

१९ जुलै २०२४ चा शुक्रवार वाचकांस आठवत असेल. विमानतळांवर पडदे निळे पडले, आपल्याकडे प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-प्रणाली पुरविणाऱ्या अमेरिकन कंपनीने भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी एक सदोष फाइल जगभर धाडली. अठ्ठ्याहत्तर मिनिटांत चूक उमगली, फाइल मागे घेतली गेली. परंतु तोवर, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख संगणक कोसळले होते. पुढे काय झाले ते फारसे छापून आले नाही. जो संगणक सुरूच होत नाही, त्याला दुरून दुरुस्त करता येत नाही. त्यांपैकी असंख्य यंत्रांपाशी माणसाने जाऊन, ते विशिष्ट रीतीने सुरू करून, ती एक फाइल पुसून टाकायची होती. तबक सांकेतिक कुलपात असेल, तर अठ्ठेचाळीस आकड्यांची किल्ली हाताने टंकायची होती. एकामागून एक. बँकांत, इस्पितळांत, विमानतळांवर हे काम ज्या मुलांनी केले, त्यांनी ती फाइल लिहिली नव्हती, तपासली नव्हती, धाडली नव्हती. त्यांचा शनिवार-रविवार मात्र त्यातच गेला. एका कंपनीने आपला बदल थोड्या यंत्रांवर आधी चालवून पाहण्याची काळजी घेतली असती, तर हे घडते ना. आता सांगा, हे ‘असंच असतं’ मध्ये मोडते की निष्काळजीपणात?

याच्या उलट बाजूचे उदाहरण १९९९ च्या अखेरीचे. वर्षाचे दोनच आकडे लिहिण्याच्या जुन्या सवयीमुळे २००० साल उजाडताच संगणक गोंधळतील, अशी भीती होती. भारतातील हजारो प्रोग्रामरांनी वर्षानुवर्षे जुन्या प्रणाली ओळीओळीने तपासल्या. १ जानेवारी २००० रोजी फारसे काही बिघडले नाही, आणि लोक म्हणू लागले, उगाच बाऊ केला होता! या धंद्याचे दुर्दैव हे, की नीट केलेले काम दिसत नाही. पहाटे तीन वाजता आग विझविणाऱ्याची पाठ थोपटली जाते, आग लागूच नये म्हणून सहा महिने खपलेल्याला वर्षाअखेरच्या मूल्यमापनात ‘तुझे योगदान काय?’ असे विचारले जाते. मग शहाणी मुले काय शिकतात? ती आगीची वाट पाहायला शिकतात. चढ-उताराचे व्यसन लागलेले तरुण आम्ही पाहिले आहेत. शांत आठवडा आला, की त्यांना आपण नकोसे झालो आहोत की काय, असे वाटू लागते.

ही भीती निराधारही नाही. एक प्रकल्प संपून दुसरा मिळेपर्यंतच्या काळाला ‘बेंच’ म्हणतात. एके काळी हा शिकण्याचा, उसंत घेण्याचा काळ मानला जाई. जून २०२५ मध्ये देशातील सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीने नियम केला, की प्रत्येकाने वर्षात निदान २२५ दिवस ग्राहकाच्या बिलावर असले पाहिजे आणि बेंचवरचे दिवस पस्तीसपेक्षा अधिक होता कामा नयेत. पुढच्याच महिन्यात तिने सुमारे बारा हजार माणसे, म्हणजे आपल्या मनुष्यबळाच्या दोन टक्के, कमी करण्याचे जाहीर केले. आता विचारावेसे वाटते: ग्राहक मिळविणे हे काम कोणाचे? प्रोग्रामरचे की व्यवस्थापनाचे? प्रकल्प आला नाही, तर दिवस भरले नाहीत म्हणून जबाबदार प्रोग्रामर. प्रकल्प अशक्य मुदतीचा आला, तर रात्री जागून तो पुरा करणारा पुन्हा प्रोग्रामरच. उताराचा भार त्याच्यावर, चढाचाही त्याच्यावर. होडीत बसलेला तो एकटा, तांडेल किनाऱ्यावर.

मुदती कशा ठरतात, तेही सांगितले पाहिजे. ज्याला काम करायचे त्याला विचारून मुदत ठरते, असा कोणाचा समज असेल, तर तो चुकीचा आहे. कंत्राट मिळविताना आकडा आधी ठरतो, माणसे मागाहून ठरतात. आठ महिन्यांचे काम पाच महिन्यांत देऊ, असे प्रतिस्पर्ध्याहून कमी दरात सांगितले जाते. मधल्या तीन महिन्यांचे काय होते? ते कोठे जात नाहीत. ते शनिवारांत, रविवारांत आणि रात्री दहानंतरच्या तासांत विरघळतात. टाइमशीटवर मात्र रोजचे आठच तास भरायचे असतात, कारण अधिक भरले तर कंत्राट तोट्यात गेले हे कागदावर दिसेल. हे खोटे कोणाच्या नावावर चढते? सही तर मुलाची असते.

चूक झाली म्हणजे काय होते, यावरून संस्थेची पारख होते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या कंपनीतला एक अभियंता दिवसभराच्या झटापटीनंतर प्रणाली सावरत होता. थकलेल्या हाताने त्याने पुसण्याची आज्ञा भलत्याच यंत्राला दिली. ध्यानात येताच त्याने ती थांबविली; तेवढ्यात सुमारे तीनशे गिगाबाइटपैकी साडेचार उरले होते. राखीव प्रती ठेवण्याच्या पाच व्यवस्था होत्या, त्यांतली एकही नीट चालत नव्हती, हे त्याच रात्री उघड झाले. सहा तासांची माहिती कायमची गेली. कंपनीने काय करावे? तिने सारा प्रकार जगापुढे उघड मांडला, दुरुस्तीचे काम थेट प्रक्षेपित केले आणि दोष त्या माणसाच्या बोटावर न लादता, राखीव प्रतींची कधी परीक्षाच न घेणाऱ्या व्यवस्थेवर ठेवला. आमच्याकडील मुलांकडून जे ऐकू येते ते निराळे असते. बिघाडानंतरच्या बैठकीचा पहिला प्रश्न ‘कोणी केले?’ हा असतो, ‘कसे होऊ शकले?’ हा नसतो.

यावर व्यवस्थापनातील सुशिक्षित मंडळी म्हणतील, की फादरांना धंदा कळत नाही. जग चोवीस तास चालते, त्याला कोण थांबविणार? जग चोवीस तास चालते हे मान्य. रेल्वेही अहोरात्र चालते. पण विरारची गाडी चालविणारा मोटरमन काल रात्रभर जागा होता असे आपणांस कळले, तर आपण त्या गाडीत बसू काय? रेल्वेत कामाचे व विश्रांतीचे तास नियमांनी बांधलेले आहेत. इस्पितळात परिचारिकेची पाळी संपते, दुसरी येते, रुग्णाचा कागद हातात घेते, पहिली घरी जाते. अखंड सेवेसाठी अखंड माणूस लागत नाही. पाळ्या लागतात, आणि पाळ्यांना पैसे लागतात. एवढा साधा हिशेब आहे.

आणि याच धंद्यात तो मांडूनही झाला आहे. गूगलच्या अभियंत्यांनी आपल्या कामाच्या पद्धतीवर २०१६ साली एक जाडजूड पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी सांगितले आहे, की प्रणाली सांभाळणाऱ्या अभियंत्याचा निम्म्याहून अधिक वेळ आग विझविण्यासारख्या कामांत जाता कामा नये. बारा तासांच्या एका पाळीत दोनपेक्षा अधिक मोठे बिघाड त्याच्या वाट्याला येऊ नयेत, कारण बिघाड सावरणे, त्याचे मूळ शोधणे आणि ते लिहून ठेवणे यांत सरासरी सहा तास जातात. आणि वेळेबाहेर फोनजवळ बसणाऱ्याला त्याचा मोबदला मिळावा. बिघाड त्याहून अधिक होऊ लागले, तर माणसाला अधिक न जागविता नवे बदल चढविणे थांबवावे. त्या कंपनीत सारे काही आलबेल आहे, असा आमचा दावा नाही; तिनेही हजारोंना घरी पाठविले आहे. आम्हांस एवढेच दाखवायचे आहे, की अनिश्चितता मोजता येते, तिला बांध घालता येतो, आणि जेथे बांध नाही तेथे तो कोणाला तरी नको आहे.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नारायण मूर्ती यांनी तरुणांना आठवड्यास सत्तर तास काम करण्याचा उपदेश केला. जानेवारी २०२५ मध्ये एल अँड टीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन नव्वदांपर्यंत पोहोचले, आणि घरी बसून बायकोकडे किती वेळ पाहणार, असेही विचारते झाले. त्यांवर वर्तमानपत्रांतून बराच धुरळा उडाला. आमच्या मते तो वाद मूळ प्रश्न चुकवून गेला. आमच्या शेतकऱ्याने सत्तर तास मोजले नाहीत, कधी कधी त्याहून अधिकही राबला. पण विहिरीवर पंप कधी लावायचा आणि दुपारी आडवे कधी व्हायचे, हे त्याने ठरविले. उद्योजक नव्वद तास काम करतो तेव्हा तो आपल्या मालकीच्या वस्तूसाठी करतो. ज्याच्या हाती ना मुदत आहे, ना माणसांची संख्या, ना नफ्यातला वाटा, त्याने किती तास राबावे, हे त्या दोघांच्या मापाने कसे मोजणार? चाळीस तासांचा आठवडासुद्धा माणसाला पोखरतो, जर ते चाळीस तास कधी बोलावणे येईल हे ठाऊक नसेल.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाने दिवसाला नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा घातली. अधिक काम झाल्यास दुप्पट दराने वेतन सांगितले. तथापि गोपनीय, व्यवस्थापकीय किंवा पर्यवेक्षकीय स्वरूपाच्या पदांना त्यातून वगळले आहे. आता हाताखाली एकही माणूस नसताना ‘लीड’, ‘मॅनेजर’ अशा पदव्या पंचविशीतच का मिळतात, याचे एक कारण वाचकांस कळेल. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा नवांवरून दहा तासांवर नेण्यास मंजुरी दिली. म्हणजे बांध होता तोही एक वीत खाली आणला. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडण्याचा हक्क कायद्याने मान्य आहे. ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत अशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले, डिसेंबर २०२५ मध्ये पुन्हा मांडले. खासगी विधेयक संसदेत संमत होण्याची घटना १९७० नंतर घडलेली नाही, एवढे सांगितले की पुरे.

येथे ‘कामगार’ या शब्दाकडे येऊ. आमच्या तरुणांना तो टोचतो. गिरणीत होता तो कामगार, आम्ही प्रोफेशनल, असे त्यांना वाटते; आणि या वाटण्यातच त्यांच्या मालकांचे सारे बळ आहे. गिरणीचा भोंगा वाजला, की यंत्र थांबे आणि माणूस बाहेर पडे. आजच्या अभियंत्याला भोंगा नाही, कारण तो प्रोफेशनल! त्याने स्वतःहून थांबायचे नसते. राजीनामा द्यायचा तर नव्वद दिवसांची सूचना त्याने द्यायची. त्याला काढायचे असेल, तर पुष्कळदा दुपारी बोलावून संध्याकाळपर्यंत राजीनाम्यावर सही घेतात. संघटनेचे नाव काढले, की तो दचकतो. परीक्षेत नव्वद टक्के मिळवून सुद्धा आपल्या करारपत्राची चौथी पाने न वाचणारी ही पिढी आहे, हे थोडे कडवट बोलणे आम्ही त्यांच्याविषयीच्या मायेनेच बोलतो.

आणि घरचे? बांगला बांधायला काढलेल्या कर्जाचा हप्ता मुलाच्या पगारातून जात असेल, तर ‘नको जाऊ आज’ म्हणण्याचे बळ बापात कोठून येणार? नवख्या अभियंत्याचा पगार गेली दहा-बारा वर्षे वर्षाला तीन-चार लाखांच्या आसपास रेंगाळत राहिला आहे, लग्नाच्या बाजारात मात्र ‘आयटी’ या दोन अक्षरांचा भाव अजून उतरलेला नाही. सुनेच्या बाबतीत तर दुहेरी न्याय. तिचा पगार घरात हवा. पण रात्री साडेआठच्या कॉलला ती दार लावून बसली, की स्वयंपाकघरात भांडी आपटली जातात. मुलाचे ‘असंच असतं’, सुनेचे ‘हिचं रोजचंच आहे’. एकच फोन, दोन निवाडे.

आता जे हातात आहे त्याकडे येऊ. नोकरी स्वीकारण्यापूर्वी मुलाने किंवा मुलीने चार प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लेखी मागावीत. ऑन-कॉलचे वेळापत्रक किती आठवडे आधी हाती येते? रात्री फोन वाजला आणि दोन तास काम झाले, तर दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा आहे की नाही, आणि त्या दोन तासांचे पैसे कोणत्या दराने? शुक्रवारी बदल चढविण्यास बंदी आहे काय? (या धंद्यातील जुनी खोडे ती आपणहून पाळतात.) मुदत ठरविताना ज्याला काम करायचे त्याचा शब्द कोण घेतो? जे आधीच नोकरीत आहेत, त्यांनी हेच प्रश्न एकट्याने न विचारता गटातील सहा-सातजणांनी मिळून विचारावेत. एकट्याला मूल्यमापनात उत्तर मिळते, सातजणांना बैठकीत द्यावे लागते. आयटीतील कामगारांच्या संघटना पुण्यातही आहेत, त्यांच्याकडे निदान सल्ला मागायला जाण्यात कमीपणा नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे पुन्हा एक तास मागे जातील आणि दुसऱ्या दिवसापासून साडेसहाची बैठक आपोआप साडेसातला येईल. ती साडेसहालाच का ठेवता येऊ नये, त्यांनी एक तास आधी का बसू नये, हे विचारायला तो सोमवार सोयीचा आहे. त्या सकाळी ग्राहक झोपलेला असतो आणि गटातील सारी मंडळी जागेवर असतात.